टीव्हीवरचा खार

एप्रिलअखेरीस अकोट किंवा दर्यापूरकडच्या घरात टीव्ही बंद करून खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहा. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी दिसेल. ओले फडके फिरवले की ठिपके जातात आणि थोड्याच वेळात त्या जागी पांढुरके ओघळ उमटतात. मग माणूस आणखी जोर लावतो. चूक हाताची नसते, फडक्यातल्या पाण्याची असते.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरला आहे. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. २,००० चे पाणी घेतले, तर सुकलेला प्रत्येक थेंब दशांश मिलिग्रॅम क्षार मागे ठेवतो. हेच पाणी कूलरमध्ये पडते. पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच राहतात आणि दिवसागणिक पाणी आणखी खारट होत जाते. कूलरच्या गवतावर साचणारा पांढरा खार तो हाच. झोताबरोबर उडालेले तुषार टीव्हीवर जाऊन सुकतात.

त्यात धूळ. धुळीतले वाळूचे कण म्हणजे क्वार्ट्झ; त्याचा कठीणपणा मोह्‌स मापनात ७, साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास. जुन्या डब्बा टीव्हीची जाड काच वर्तमानपत्राने घासली तरी निभायचे. आजच्या बहुतेक एलसीडी टीव्हीला समोर काच नसतेच, प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. कोरड्या फडक्याने रगडले, की चरे कायमचे.

म्हणून आधी टीव्ही बंद करून प्लग काढावा, थंड होऊ द्यावा. धूळ मऊ मायक्रोफायबरने न दाबता उचलावी. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणतो ते डिस्टिल्ड वॉटर फडक्यावर घ्यावे. दुकानात बॅटरीचे ॲसिड नव्हे, हे पाणीच मागून घ्यावे. फडके ओलसर हवे, ठिबकणारे नको. स्क्रीनवर थेट फवारा मारला, तर ओघळ खालच्या कडेतून आत, नाजूक जोडण्यांपर्यंत पोहोचतो. डाग हटला नाही, तर ओलसर घडी क्षणभर टेकवावी. क्षार विरघळतो, खरवडावा लागत नाही. काचेसाठीचा अमोनियाचा द्रव मात्र टीव्हीला लावू नये, वरचा लेप खराब होतो.

मोबाइलची गोष्ट वेगळी. त्याला काच असते आणि तिच्यावर बोटांचे तेल न धरणारा अतिपातळ थर. करोनाकाळात, २०२० मध्ये, ॲपलने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने फोन हलक्या हाताने पुसायला मुभा दिली. ती मुभा टीव्हीला लावू नये.

आणि कूलरचे तोंड टीव्हीकडून वळवून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी केली, तर पुसायची वेळच कमी येते.