गेमचा कॉम्प्युटर घेताना दुकानात काय विचारायचं?

गटाच्या बैठकीत हल्ली कर्ज मागताना एक नवं कारण ऐकू येतं, मुलाला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय. द्यावं की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न, त्यात आम्ही पडत नाही. पण घ्यायचंच ठरलं, तर दुकानदार भराभरा इंग्रजी आकडे सांगतो आणि आपण नुसती मान डोलावतो, तसं व्हायला नको. हप्ते आपल्यालाच फेडायचे आहेत.

दुकानात जायच्या आधी मुलाकडून किंवा मुलीकडून गेमची नावं लिहून घ्या. सगळे गेम सारखे नसतात. व्हॅलोरंट हलका आहे, साध्या मशीनवरही चालतो. जीटीए फाइव्ह कॉम्प्युटरवर २०१५ साली आला, तरी आज शंभर जीबीच्या आसपास जागा अडवतो. (तो मोठ्यांसाठीचा गेम आहे, लहान मुलांचा नाही, हेही माहीत असू द्या.) आणि नुसतं फ्री फायरच खेळायचं असेल तर तो फोनवरचाच गेम, त्यासाठी एवढा खर्च कशाला?

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती गोष्ट. डब्यावर ‘आय सेव्हन’चा स्टिकर असतो आणि दुकानदार म्हणतो, “ताई, सगळ्यात भारी.” आय सेव्हन ही नुसती जात झाली, वय नाही. जुना ट्रॅक्टर घेताना आपण कोणत्या सालचा ते बघतोच ना? तसंच पुढचा नंबर विचारा. आय सेव्हन ४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आय थ्री १२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. नाव लहान, पण काम या आय थ्रीचं जास्त वेगवान. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर विंडोज ११ रीतसर चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तेव्हा ‘सेकंडहँड आय सेव्हन स्वस्तात’ ऐकलं की आधी पिढी विचारायची.

जड गेमचं चित्र हलतं ते ग्राफिक्स कार्डावर. पैसा खरा तिथे लागतो, रंगीत दिव्यांच्या डब्यात नाही. इथेही “चार जीबीचं कार्ड आहे” एवढ्यावर भुलू नका. जीटी ७३० नावाचं २०१४ सालचं कमजोर कार्डही चार जीबीत मिळतं. जीबी म्हणजे कणगी केवढी ते कळतं, जातं किती वेगाने फिरतं ते कळत नाही. कार्डाचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या आणि घरी मुलांना फोनवर त्याच नावाने गेम चालवून दाखवणारे व्हिडिओ शोधायला सांगा. बजेट कमी असेल, गेम हलके असतील, तर वेगळं कार्ड न घेताही भागतं. रायझन फाइव्ह ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच असतं. मात्र त्याला रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या, वेगात फरक पडतो. एसएसडी हवीच.

आपल्याकडे विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, काटकसर नको. तो बिननावाचा घेतला आणि जळला, तर महागडं कार्डही सोबत नेऊ शकतो. घरात अर्थिंग आहे का तेही वायरमनकडून बघून घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, मोठ्या कार्डाला तो अपुरा पडू शकतो. वीजबिलाचा अंदाज सोपा आहे: मशीन ३०० वॅट ओढत असेल आणि रोज तीन तास चाललं, तर महिन्याला २७ युनिट.

बिलावर ‘कॉम्प्युटर सेट’ एवढंच लिहिलेलं घेऊ नका. प्रत्येक भागाचं नाव, नंबर आणि वॉरंटी वेगळी लिहायला लावा. पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा.

घरी आल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्याच सॉकेटात लावा. वरच्या, मदरबोर्डाच्या सॉकेटात लावली, तर एवढं महागाचं कार्ड आत नुसतं बसून राहील.