'गुरुवारी परत करणार आहे!'

गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमाची मला ओढ दोन कारणांनी. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' तिथंच १४ मार्च १९३१ ला लागला, हे वडील जेवताना हमखास सांगत. दुसरं कारण म्हणजे ही!

१९६५ साली तिकिटांच्या रांगेत ही माझ्या पुढं उभी होती, हातात वाचनालयाचं पुस्तक. नाव वाचायला मी मान वाकडी केली.

"गुरुवारी परत करणार आहे. तेव्हा घ्या!"

गुरुवारी वाचनालय उघडण्याआधीच मी दारात हजर! सिनेमा कोणता होता, देव जाणे.

आता ते थिएटर नाही. हिलाही अक्षर दिसत नाही. रोज रात्री मीच वाचून दाखवतो. झोपेपायी एखादं पान गाळलं, की ही पदराआडून हसते,

"मागं या!"