हापशाची सळई

आपल्या घोडेगावच्या आसपास वाड्या-वस्त्यांवर हापसे आहेत. बहुतेक 'इंडिया मार्क टू' जातीचे. सोलापूरच्या हापशावरून १९७० नंतर ते बनले. दांडा मारला की पाणी येते. पण ते ओढते कोण? नळात लपलेली सळई!

ही सळई लोखंडी. जाडी १२ मिलिमीटर, लांबी ३ मीटर. अशा सळया एकीला एक जोडून खाली दट्ट्यापर्यंत जातात. गंजू नये म्हणून त्यांवर जस्ताचा पातळ थर असतो. हा थर म्हणजे सळईचा अंगरखा. तो फाटला की लोखंड उघडे पडते आणि गंजते.

थर खरडतो कशाने? वाकलेली सळई नळाला घासते. दातेरी पाना सळईच्या अंगाला लावला, तरी ओरखडे पडतात. म्हणून सळया खोलताना साधे पाने सहा कडांच्या जोडालाच लावावे. प्रत्येक सळई पुसून पाहावी. वाकलेली, आटे झिजलेली, खोल गंजलेली सळई बदलावीच. वरून रंग फासून भागत नाही.

दांडा दाबताना हलका लागला आणि पाणी येईना, तर सळई तुटली किंवा सुटली असे समजा. दांडा आपटू नका. लगेच ग्रामपंचायतीला कळवा. उन्हाळ्यात एक सळई तुटली, तर सगळ्या वाडीच्या बायांना हंडे घेऊन लांब जावे लागते.