न सांगितलेल्याचा ध्यास

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे. हे ज्यांचे कुलदैवत, अशी कुटुंबे महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. आणि पोटापाण्यासाठी कोणी कितीही दूर गेला, तरी चैत्रातल्या यात्रेचे दिवस जवळ आले म्हणजे त्याचे मन या वाटेला लागल्यावाचून राहत नाही. अशाच एका चैत्रात दर्शन आटोपून आम्ही देवळाच्या आवारात सावलीला बसलो असता, पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने पिशवीतून एक वही काढली. वहीत त्याने पेन्सिलीने एका समुद्रकिनाऱ्याची आकृती रेखाटली होती, आणि तिच्या कडेने बारीक अक्षरांत टिपणे लिहिली होती.

“मामा, हा किनारा हॅमरफेलचाच आहे. मी पैज लावतो.”

“कुठल्या मुलखातला हा प्रांत?” मी विचारले.

“खरा नाही हो, गेममधला. आणि ज्या गेममध्ये तो असेल असं वाटतंय, तो गेम अजून आलेलाच नाही.”

जो खेळ अद्याप निर्माण व्हायचा आहे, त्यातील भूगोलाविषयी एका सुशिक्षित तरुणाने वहीची पाने भरावीत, याचे मला प्रथम नवल वाटले. परंतु तो जसजसा सांगत गेला, तसतशी माझी खात्री होत गेली, की हा उद्योग आपल्याला वाटतो तितका नवा नाही आणि परकाही नाही.

ज्यांना या खेळांचा परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकावरील खेळांचा ‘रोल-प्लेइंग’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो, एका कल्पित जगात संचार करतो, आणि तेथील माणसांशी बोलत, लढत, कधी त्यांना साह्य करीत तर कधी त्यांचा विश्वासघात करीत, स्वतःच्या निर्णयांनी कथा पुढे नेतो. अशा जगाला राजवंश असतात, दैवते असतात, युद्धे आणि तह असतात. या साऱ्या पूर्ववृत्तान्ताला खेळाडू ‘लोर’ म्हणतात. आपल्याकडे बखर, कैफियत आणि स्थलमाहात्म्य हे तीन ग्रंथप्रकार एकत्र केले, तर जे होईल तेच हे लोर. ते खेळणाऱ्यास सलग कोणी सांगत नाही. पडक्या वाड्यातील एखादे पत्र, कपाटातील जुने पुस्तक, एखाद्या तलवारीच्या वर्णनातील दोन ओळी, अशा तुटक साधनांतून ते ज्याचे त्याने जुळवायचे असते.

माझ्या भाच्याच्या वहीतील किनारा ‘द एल्डर स्क्रोल्स’ या ग्रंथमालेसारख्या चालत आलेल्या खेळमालिकेच्या सहाव्या भागातील होता. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने 10 जून 2018 रोजी त्याची घोषणा करताना एक मिनिटाहूनही लहान चित्रफीत दाखविली. तिच्यात डोंगर, धुके, दूरवरचा किनारा आणि वर वाजणारे संगीत, एवढाच ऐवज होता. माणूस नाही, संवाद नाही, प्रांताचे नाव नाही. परंतु मालिकेचा पाचवा भाग ‘स्कायरिम’ 2011 साली आला होता आणि तेव्हापासून जगभरचे रसिक पुढील भागाची वाट पाहत होते. त्यांनी या चित्रफितीतील प्रत्येक क्षण स्थिर करून तपासला, किनाऱ्याची वळणे जुन्या नकाशांशी ताडून पाहिली, खडकांच्या रंगावरून हवामानाचा अंदाज बांधला, आणि पुष्कळांनी हॅमरफेल या वाळवंटी प्रांताच्या बाजूने कौल दिला. पुढे 2020 सालच्या अखेरच्या दिवशी संस्थेने नववर्षाच्या शुभेच्छा देताना एका नकाशावर मेणबत्त्या ठेवलेले चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्या मेणबत्त्या कोठे आहेत आणि का आहेत, यावरही असाच खल झाला.

इतका खटाटोप का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर त्या जगाच्या रचनेत सापडते. या मालिकेत ड्वेमर नावाची एक जात आहे. यंत्रविद्येत निपुण, देवांना न मानणारी, भूगर्भात नगरे बांधणारी अशी ही जात एका युद्धाच्या ऐन क्षणी, तिच्यातील एका ज्ञात्याने एका देवाच्या हृदयावर प्रयोग करताच, एकाएकी समूळ नाहीशी झाली. 2002 सालच्या ‘मॉरोविंड’ या भागात तिच्यातील शेवटचा हयात पुरुष भेटतो. त्या घटकेला तो दुसऱ्या लोकात असल्यामुळे बचावला होता, आणि आपल्या बांधवांचे काय झाले हे त्यालाही ठाऊक नाही. ती जात मेली, देवत्वास पोहोचली, की काळाबाहेर फेकली गेली? कर्त्यांनी याचा निकाल कधी दिलाच नाही; आणि ज्या प्रश्नाचा निकाल लागत नाही, त्याचे दफ्तर रसिकांच्या मनात सदैव उघडे राहते.

ही रिकामी जागा म्हणजे कर्त्याचा आळस, असे कोणी समजू नये. ‘एल्डन रिंग’ हा 2022 साली गाजलेला खेळ दिग्दर्शित करणारे जपानचे हिदेताका मियाझाकी यांनी आपल्या बालपणाची हकीकत सांगितली आहे. ते लहानपणी परभाषेतील अद्भुतकथा वाचत. त्यांतला पुष्कळसा मजकूर त्यांना समजत नसे, आणि जे समजले नाही ते ते आपल्या कल्पनेने भरून काढीत. वाचनाचा तो आनंद त्यांनी पुढे आपल्या खेळांत मुद्दाम योजला. तेथे गतकाळ सांगायला निवेदक नसतो. एखाद्या अंगठीच्या, चिलखताच्या वा औषधीच्या वर्णनातील चार शब्दांवरून कोणता राजा कोणावर उलटला हे ताडावे लागते.

हे ऐकताना मला याच तालुक्यातील परंड्याच्या किल्ल्याची आठवण झाली. मुलूखमैदान ही प्रसिद्ध तोफ आज विजापूरच्या तटावर आहे. पण 1632 साली ती तेथे गेली ती परंड्याहून. अहमदनगरास 1549 साली मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. तिच्या मुखाला जबडा पसरलेल्या सिंहाचा आकार असून त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. तिच्या अंगावरील लेखांत ओतणाऱ्या कारागिराचे नाव आहे, निजामशहाचे आहे, आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरविलेला मजकूरही आहे. म्हणजे एका वस्तूच्या अंगावर तीन नावे आणि त्यांतून उलगडणारे सत्तांतराचे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचे वर्तमान! रूमी हे उपपद वाचून कोणी पश्चिमेकडील तुर्कांच्या मुलखाचा विचार करील, सिंहाच्या दातांतील हत्ती पाहून कोणी त्याचा अर्थ कोणत्या राज्याशी जोडावा याचा विचार करील. माझा भाचा खेळातील तलवारीचे वर्णन ज्या रीतीने वाचतो, ती रीत इतिहासाचा अभ्यासक शिलालेखासमोर उभा राहून अनुसरतो तिच्याहून निराळी नाही. अंतर एवढेच, की तोफेमागे घडलेला इतिहास आहे आणि तलवारीमागे रचलेला.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील आणखी एक गोष्ट ऐकून तर मी स्तिमित झालो. 1996 सालच्या ‘डॅगरफॉल’ या भागाचा शेवट एकच नव्हता. एका प्रचंड यंत्रमानवावर सत्ता चालविण्याचे साधन कोणाच्या हाती द्यावे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे होते, आणि त्याप्रमाणे राज्यांचे भवितव्य बदलत असे. पुढच्या भागाची कथा लिहिताना कर्त्यांपुढे पेच पडला, की यांपैकी खरा शेवट कोणता मानावा. त्यांनी एकही शेवट रद्द केला नाही. त्या वेळी काळाची गतीच भंगली आणि परस्परविरुद्ध असे ते शेवट एकाच वेळी घडले, अशी तजवीज त्यांनी केली. अशा कालभंगाला त्या जगात ‘ड्रॅगन ब्रेक’ म्हणतात.

“मामा, असं कुणाला सुचलं असेल?” भाच्याने विचारले.

“आपल्या पुराणकारांना सुचलं होतं,” मी म्हणालो. “त्याला कल्पभेद म्हणतात.”

गणेशाच्या जन्माची कथा एके ठिकाणी एका प्रकारे आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारे येते. पार्वतीने अंगाच्या मळापासून त्याची मूर्ती केली आणि शिवाने त्याचे मस्तक छेदले, ही एक कथा. शनीच्या दृष्टीने मस्तक गळून पडले, ही दुसरी. शिवपुराणानेच यावर तोड काढली आहे, की कल्प निराळे म्हणून जन्मकथा निराळ्या. काळाचे चक्र पुनःपुन्हा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात तीच घटना किंचित वेगळी घडते. एका कथेचा मान राखण्यासाठी दुसरीला खोटे पाडण्याचे कारण उरत नाही. मी हे सांगत असताना समोर काळभैरवाचे देऊळ होते, आणि काळ हा ज्याच्या नावातच आहे अशा दैवताच्या दारात हा विषय निघावा, याचे मला मनापासून समाधान वाटले.

तर्क करणारा श्रोता आपल्या परंपरेत आगंतुक नाही. त्याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण मला इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे अध्यापन केलेल्या या विदुषीने महाभारतापुढे एक प्रश्न ठेवला : युधिष्ठिराचा पिता विदुर तर नसेल? त्यांनी त्यासाठी ग्रंथातीलच दाखले गोळा केले. युधिष्ठिर धर्माचा पुत्र, आणि विदुर हा मांडव्याच्या शापाने मनुष्यजन्म पावलेला तोच धर्म; नियोगासाठी धाकटा दीर योग्य मानण्याची रूढी, आणि विदुर पांडूचा धाकटा भाऊ; शेवटी वनात झाडाला टेकून उभ्या असलेल्या विदुराने योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करणे. एवढे पुरावे मांडूनही त्यांनी तर्काला तर्कच म्हटले, निर्णयाचा हुकूम सोडला नाही. ‘युगान्त’ला 1968 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची शिस्त. कथेवर अपार प्रेम, तिच्या शब्दाशब्दावर पहारा, आणि स्वतःच्या निष्कर्षाविषयी संयम, हे तीन गुण तेथे एकत्र नांदतात.

याच शिस्तीचे दुसरे, फार जुने रूप महानुभावांच्या ग्रंथव्यवहारात आढळते. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने तेराव्या शतकात त्यांच्या लीळा संग्रहित करताना ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन चौकशी केली. पुढे धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली, तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली. हिराइसेचा पाठ त्यांपैकीच एक. आठवणींत जेथे फरक पडला, तेथे त्यांनी तो दडपून टाकला नाही, तर पाठभेद म्हणून नोंदवून ठेवला. ऐकलेले कोणते आणि कोणाकडून ऐकलेले, हे सांगण्याचा तो प्रामाणिकपणा सातशे वर्षांनंतरही आपल्याला नतमस्तक करतो.

खेळांच्या रसिकांनी नेमकी हीच गोष्ट घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. तर्कात दोष नाही. दोष आहे तो तर्काचा दाखला होऊ देण्यात. एकाने ‘असे असावे’ म्हटलेले दुसरा ‘असे आहे’ म्हणून सांगतो, तिसरा ‘असेच हवे’ म्हणून हट्ट धरतो. आणि प्रत्यक्ष कथा निराळी निघाली म्हणजे, ज्याने कधी काही कबूल केले नव्हते त्या कर्त्यावर वचनभंगाचा आरोप होतो. ज्या प्रेमातून शोध सुरू झाला होता, त्याच प्रेमाचे रूपांतर मग रोषात होते. हे टाळायचे तर नोंद आणि अनुमान यांच्यामध्ये स्पष्ट रेघ ओढली पाहिजे.

हा प्रश्न आता आपल्या अंगणातलाही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ 2020 साली आला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधत निघालेल्या राजीची ती कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. म्हणजे श्रोत्यासारखे प्रश्न करणारे निवेदक तेथे आहेतच. तिची अखेर अनेकांना अपुरी वाटली, आणि ‘राजी : कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा झाल्यावर त्या अपुरेपणातूनच नवी जिज्ञासा जन्मास आली. जी मुले हॅमरफेलचे नकाशे काढतात, तीच उद्या आपल्या दैवतांच्या आणि दुर्गांच्या कथांतील रिक्त स्थाने शोधतील. तेव्हा त्यांच्या हाती केवळ उत्साह असू नये, इरावतीबाईंचा संयम आणि म्हाइंभटाची चौकशीही असावी.

मी हे बोलत असताना देवळाच्या कळसाकडे माकडांची हालचाल चालली होती. त्यांच्याकडे पाहून मला याच जिल्ह्यातील उपळा गावाची गोष्ट आठवली, आणि ती मी भाच्याला सांगितली. उपळ्याच्या जमिनीच्या नोंदींत बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावे आहे. पूर्वी तेथे लग्नकार्यात प्रथम माकडांना अहेर करून मग विधी सुरू करण्याची चाल होती. 2022 साली या नोंदीची वार्ता सर्वत्र झाली, तेव्हा सरपंचांनी सांगितले, की नोंद स्पष्ट आहे. परंतु ही तरतूद कोणी केली आणि केव्हा केली, हे ठाऊक नाही.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वहीचे नवे पान उघडले, मधोमध एक उभी रेघ मारली, आणि डावीकडे ‘नोंद’ व उजवीकडे ‘तर्क’ असे लिहिले. डाव्या बाजूस त्याने उपळा, बत्तीस एकर आणि माकडांचे नाव हे तीन शब्दसमूह एकाखाली एक मांडले. उजव्या बाजूस त्याच्या मनात दहा गोष्टी आल्या असतील, हे त्याच्या मुद्रेवरून दिसत होते. कोणा देवभोळ्या जहागीरदाराची सनद असेल, कोणाचा नवस असेल, एखाद्या दुष्काळातील प्रायश्चित्त असेल.

“काय लिहितोस?” मी विचारले.

“अजून काही नाही, मामा,” तो म्हणाला. “आधी एकदा गावात जाऊन विचारून येतो.” आणि उजवी बाजू कोरी ठेवून त्याने वही मिटली.