अल्पायुषी ‘वॉस्प’

रणांत बुडालेल्या जहाजाचा शेवट निदान शत्रु तरी सांगतो. परंतु शिडांच्या काळांतील कित्येक जहाजांचा शेवट सांगावयास कोणीच उरलें नाहीं. अमेरिकेचें ‘वॉस्प’ हें युद्धनौकांतील असेंच एक जहाज होय.

वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. इ. स. १८१२ मध्यें अमेरिका व ब्रिटन यांमध्यें युद्ध जुंपलें असतां मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील न्यूबरीपोर्ट येथें हें जहाज बांधण्यांत आलें व १८१३ च्या सप्टेंबरांत तें पाण्यांत लोटलें गेलें. त्यावरील २२ तोफांपैकीं २० ‘कॅरोनेड’ जातीच्या, म्हणजे आंखूड नळीच्या असून ३२ पौंडी गोळे फेंकीत. अशा तोफेचा मारा दूरवर पोंचत नाहीं, पण जवळून तो फार घातक होतो. म्हणून शत्रूस अगदीं निकट जाऊन भिडणें, हीच वॉस्पची युद्धनीति ठरली.

कप्तान जॉन्स्टन ब्लेकली हे जन्मानें आयरिश असून नॉर्थ कॅरोलायनांत वाढलेले होते. ता. १ मे १८१४ रोजीं ते न्यू हॅम्पशरमधील पोर्टस्मथ बंदरांतून निघाले. २८ जून रोजीं ‘रेनडियर’ या ब्रिटिश जहाजाशीं गांठ पडली व १९ मिनिटांत लढाई संपली. रेनडियरचे शूर कप्तान मॅनर्स धारातीर्थीं पडले. फ्रान्समधील लोरियां बंदरांत डागडुजी करून वॉस्प पुन्हां निघालें. १ सप्टेंबरच्या रात्रीं त्यानें ‘एव्हन’ला इतकें जर्जर केलें कीं तें बुडालें. २१ सप्टेंबर रोजीं ‘अटलांटा’ हस्तगत करून कांहीं खलाशांच्या स्वाधीन केलें व सव्हाना बंदराकडे धाडलें. हे खलाशी सुखरूप पोंचले आणि विजयाची वार्ता स्वदेशीं कळली.

वॉस्प मात्र परतलें नाहीं. ९ ऑक्टोबर रोजीं त्याची भेट ‘अडोनिस’ या स्वीडिश जहाजाशीं झाली होती. त्यावर दोन अमेरिकन अधिकारी प्रवास करीत होते. स्वदेशाचें निशाण दिसतांच ते आनंदानें वॉस्पवर गेले. त्यानंतर तें जहाज कोणासही दिसलें नाहीं. त्या काळीं बिनतारी संदेशाची सोय नव्हती. भर समुद्रांत संकट ओढवल्यास हांक कोणास मारावी?

नोव्हेंबरांत ब्लेकली यांस बढती मिळाली. पण ती स्वीकारावयास ते आले नाहींत. पुढें नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळानें त्यांच्या कन्येच्या शिक्षणाचा भार उचलला. सव्वापांच महिन्यांची ही कारकीर्द! वाचकहो, पदकें व बढत्या किनाऱ्यावर मिळतात. परंतु ज्यांची वाट पाहतां पाहतां घरच्यांचे डोळे थकले, त्या सामान्य खलाशांचेंही स्मरण आपण ठेविलें पाहिजे.