श्वानाची त्वचा : संसर्ग परततो तेव्हा

बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोली-शिळफाटा परिसरात पावसाळ्याचे चार महिने हवेतील ओल हटत नाही. ती आपल्या श्वानाच्या केसांतही मुरते. पोटावर पुरळ, कडेने पापुद्रे सुटणाऱ्या गोल चकत्या, कानांना व पंजांच्या बेचक्यांना आंबूस वास ही त्वचेच्या संसर्गाची लक्षणे होत. औषधाने ती जातात आणि महिन्याभरात परततात.

स्टॅफिलोकॉकस जिवाणू आणि मॅलासेझिया ही यीस्ट निरोगी श्वानाच्या त्वचेवरही असतात. पिसवांची, अन्नाची वा धुळीची ॲलर्जी, डेमोडेक्स किडे किंवा थायरॉइडची कमतरता त्वचेला दुबळी करते, तेव्हा ते बळावतात. म्हणून संसर्ग परतत असेल, तर मूळ कारण शोधावयाचे राहिले आहे असे समजावे.

गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या पुन्हा देऊ नयेत. अर्धवट किंवा अनावश्यक प्रतिजैविकांनी जिवाणू निर्ढावतात व पुढे औषध लागू पडेनासे होते. त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची विनंती पशुवैद्यांना करावी. औषध देऊनही गुण न आल्यास जिवाणूंची कल्चर चाचणी करावी. गुंतागुंतीच्या विकारांसाठी परळ येथे 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पशुवैद्यांनी क्लोरहेक्सिडीनयुक्त शाम्पू सुचविल्यास तो घड्याळ लावून दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा, मग धुऊन केस मुळापर्यंत कोरडे करावेत. गुडघे दुखत असल्यास स्टुलावर बसावे व श्वानाला धरण्यास घरातील तरुणाला बोलवावे. पिसवांची अंडी व अळ्या अंथरुणात आणि फरशीच्या फटींत वाढतात. म्हणून अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे आणि घरातील सर्वच प्राण्यांवर उपचार करावेत. फिनेल, रॉकेल वा जळके ऑइल मुळीच लावू नये. श्वान अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते.

आपलीही काळजी घ्यावी. खरूज व गजकर्ण श्वानाकडून माणसाला होऊ शकतात. मधुमेह असणाऱ्यांनी उपचारांच्या वेळी हातमोजे वापरावेत, नंतर हात साबणाने धुवावेत आणि स्वतःला खाज सुटल्यास डॉक्टरांना घरातील श्वानाविषयी सांगावे.

एक साधी वही ठेवावी. खाज कधी सुटली, कोणते अन्न दिले, कोणते औषध किती दिवस चालले, एवढे तीत टिपावे. मुक्या जिवाला आपली व्यथा सांगता येत नाही. ही वही पशुवैद्यांना ती सांगेल.