बर्फ घडविणारे जीवाणू

जानेवारी महिन्यात पनवेलच्या बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. त्याच सुमारास वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार अशा थंडीत रात्री बागेत शेकोट्या पेटवितात, पहाटे पाणी सोडतात. कोकणात आपल्याला सुखद वाटणारी थंडी तिकडे एका पहाटेत हंगामाचे नुकसान करू शकते.

हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही दव कसे गोठते? निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री पाने आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकीत राहतात व भोवतालच्या हवेपेक्षा अधिक थंड होतात. म्हणून पानाचे तापमान शून्याखाली जाऊ शकते. पण तसे झाले म्हणजे पानावरचे पाणी गोठलेच पाहिजे का? बहुतेक विद्यार्थी ‘होय’ म्हणतील. खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. शून्य अंशाला बर्फ वितळतो हे नक्की. परंतु शुद्ध पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब सुमारे उणे ३८ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूपात राहू शकतात. अशा पाण्याला अतिशीतित पाणी म्हणतात.

हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल. स्वच्छ परीक्षानळीत थोडे ऊर्ध्वपातित पाणी घ्या, त्यात तापमापक ठेवा आणि नळी बर्फ व मीठ यांच्या मिश्रणात न हलविता उभी करा. मीठ बेताने घाला. मिश्रण उणे ८ अंशांच्या आसपास असावे. नळी स्वच्छ असेल तर पारा शून्याखाली उतरला तरी पाणी द्रवच राहते. ते उणे ४ अंशांवर आले की बर्फाचा बारीक कण आत टाका. क्षणात नळीभर बर्फाच्या सुया पसरतात आणि पारा झरकन शून्यावर चढतो! गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. पाणी ४ अंशांनी तापविण्यास दर ग्रॅमला ४ कॅलरी लागतात. म्हणून त्या क्षणी पाण्याचा केवळ विसावा भाग गोठतो.

बर्फाच्या कणाने असे काय केले? मधल्या सुट्टीतले मैदान डोळ्यांसमोर आणा. चारदोन मुले रांगेत उभी राहिली तरी इतरांच्या धक्क्यांनी रांग मोडते. पाण्याच्या रेणूंचेही असेच होते. काही रेणू योगायोगाने बर्फाच्या षट्कोनी मांडणीत येतात, पण लगेच विखुरतात. ही मांडणी पुरेशी मोठी झाली तरच टिकते व वाढते. मैदानावर फक्कीच्या रेषा आधीच आखलेल्या असतील तर रांग लवकर लागते. अशा रेषा पुरविणाऱ्या कणाला हिमकेंद्रक म्हणतात.

धुळीचे काही कण हे काम करतात, पण बहुधा उणे १० अंशांच्या खाली. स्यूडोमोनास सिरिंजी हा पानांवर राहणारा जीवाणू मात्र उणे २ अंशांनाच बर्फ सुरू करू शकतो. त्याच्या बाह्य आवरणात एक प्रथिन असते. त्यातील तोच तो क्रम पुन्हापुन्हा येतो, आणि त्यामुळे पाण्याचे रेणू बर्फासारख्या मांडणीत धरले जातात. बर्फाने पानाच्या पेशी फाटल्या की आतला पोषक रस जीवाणूला मिळतो.

कुजलेल्या पानांत प्रभावी हिमकेंद्रके असतात, हे १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत लक्षात आले; १९७४मध्ये त्यांमागचा हा जीवाणू ओळखला गेला. विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीव्हन लिंडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या रोपांवर तो फवारला, तेव्हा रोपांना हिमबाधा अधिक झाली. म्हणजे हा जीवाणू हटविला तर पीक उणे ४-५ अंशांपर्यंत तग धरू शकेल! पुढे लिंडो यांनी जीवाणूतील ते प्रथिन बनविणारे जनुकच काढून टाकले. असे निरुपद्रवी जीवाणू आधीच फवारले की ते पानावरची जागा अडवितात व मूळ जीवाणूला थारा मिळत नाही.

निसर्गात मात्र असा बदललेला जीव सोडावा का? यावर अमेरिकेत वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा चालला. अखेर १९८७मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी व बटाट्याच्या शेतांत चाचण्या झाल्या. जनुक बदललेल्या जीवाणूंना उघड्यावर सोडण्याची ही पहिली अधिकृत परवानगी होती. ते जीवाणू बाजारात आले नाहीत. त्याऐवजी बर्फ न घडविणारा, निसर्गातच सापडलेला दुसरा जीवाणू फळबागांसाठी विकला गेला.

उलट, मूळ जीवाणूचाही उपयोग झाला. त्याच्या मृत पेशींची भुकटी पाण्यात मिसळून यंत्राने फवारली, की थंडी थोडी कमी असतानाही कृत्रिम हिम तयार होते. १९८८च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती वापरली गेली. मेलेला जीवाणू कसा काम करतो? कारण काम त्याच्या जगण्याचे नाही, प्रथिनाच्या आकाराचे आहे.

उणे ५ अंशांखाली मात्र या युक्तीचा भरवसा उरत नाही, कारण मग इतर कणही बर्फ सुरू करतात. म्हणून शेकोटी आणि पहाटेचे पाणी यांना आजही रजा देता येत नाही. पण दव कधी गोठेल हे केवळ पारा ठरवीत नाही. पानावर कोण वस्तीला आहे, तेही पाहावे लागते.